कळण्यातले मीठ

माझा मोठा भाऊ दिवाळीनंतर गेला. सकाळी मिरचीला पाणी द्यायला म्हणून शेतात गेला, बांधावर बसला आणि उठला नाही. मेंदूत रक्तस्राव झाल्याचे बुलढाण्याच्या दवाखान्यात सांगितले. रक्तदाब त्याला बऱ्याच वर्षांपासून होता. गोळ्याही होत्या; बरे वाटू लागले की तो त्या बंद करायचा आणि डोके दुखले की पुन्हा सुरू करायचा. त्याच्याबद्दल मी एवढेच लिहितो. याहून जास्त अजून लिहिता येत नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या मागे राहिलेल्या आईचे, आणि तिलाही मी असे जाऊ देणार नाही हे ठरवले त्याचे.

आमचे घर बुलढाण्याजवळच्या धाड या गावी. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रोज एसटीने जाऊन-येऊन करतो. माझे लग्न राहून गेले. आबा, म्हणजे आमचे वडील, केव्हाच गेलेले. दादाची एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी. त्यामुळे दादा गेल्यावर घरात आम्ही तिघेच उरलो: आई, वहिनी आणि मी. शेत बटाईने, पिकातल्या वाट्यावर, कसायला दिले. आई आणि वहिनी दिवसभर ओसरीवर समोरासमोर बसून वाळल्या मिरच्यांचे देठ खुडायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. भांडण नव्हते. बोलण्यासारखे जे होते ते दोघींनाही बोलायचे नव्हते.

तेरावे झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, थंडी वाढली, आणि आईला धाप लागू लागली. अंगणातून ओसरीवर चढली तरी ती खांब धरून थांबायची. आम्ही ते दुःखाचे समजलो. तीही तेच म्हणायची. मग एका सकाळी तिची चप्पल तिच्या पायात जाईना. वहिनीने पाय चेपायला घेतला तर तिच्या बोटाचा खळगा तिथे तसाच राहिला. मी रजा टाकली आणि आईला जीपमध्ये घालून बुलढाण्याला नेले.

तिथल्या डॉक्टर बाई सावकाश समजावून सांगणाऱ्या होत्या. हृदय थकले आहे, म्हणाल्या. अंगात मीठ जास्त राहिले की ते आपल्याभोवती पाणी धरून ठेवते. रक्ताचा भार वाढतो, आणि थकलेल्या हृदयाला तो ओढवत नाही. ते पाणी मग पायात उतरते, छातीत साठते. पाणी काढून टाकायची एक गोळी त्यांनी लिहून दिली, रक्तदाबाची एक. आणि मीठ मोजून खायला सांगितले: भाजी, वरण, भात सगळे धरून दिवसाला लहान चमचा सपाट भरेल इतके, जमल्यास त्याहून कमी. आईने विचारले, लोणचे चालेल का. बाई हसल्या आणि नाही म्हणाल्या.

मला माणसांपेक्षा पुस्तके सोपी जातात. त्या हिवाळ्यात दुपारच्या सुट्टीत मी आमच्याच ग्रंथालयातली शरीरशास्त्राची पुस्तके काढून बसायचो. मिठात सोडियम असते एवढे शाळेत शिकलो होतो. आता कळले की शरीराला ते हवेच असते. पेशीच्या आत किती पाणी आणि बाहेर किती, हा हिशेब सोडियम राखते. मज्जातंतूंचा निरोप त्याच्याच जोरावर पुढे जातो, स्नायू त्याच्याच जोरावर आखडतो आणि सुटतो. लागते मात्र अगदी थोडे, आणि आम्ही खात होतो भरमसाट. लोणचे, पापड, बाजारातली शेव, चहासोबतची खारी, ठेच्यात कुटलेले खडेमीठ. पापडखारात सोडियम, भज्यातल्या सोड्यात सोडियम, उपासाच्या सैंधवातही तेच. सैंधव म्हणजे मीठ नव्हे अशी आमच्या घरात पक्की समजूत होती.

मी स्वयंपाकघरात शिरलो. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या काकीकडे ठेवायला दिल्या. पापडांचा डबा फडताळावर वर चढवला. रोज सकाळी एसटीला निघण्याआधी आईच्या दिवसभराच्या वाटणीचे मीठ चमच्याने मोजून एका छोट्या वाटीत काढून ठेवू लागलो. तिची भाजी वेगळी काढायची आणि त्या वाटीतलेच मीठ तिच्यात घालायचे, असे ठरले. काकी हे बघायला मुद्दाम यायची. सोनारही इतक्या बारकाईने सोने मोजत नाही, बापू, म्हणायची. आई तर सरळच बोलली. सुतक फिटले तरी जेवण अजून सुतकाचेच चालू आहे, म्हणाली. मी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच मीठ काढले.

पण पायांची सूज उतरेना. गोळी चालू, लोणचे बंद, भाजी आमच्या जिभेला लागतच नाही इतकी फिक्की, तरी संध्याकाळी पायावर खळगा पडायचाच. दुसऱ्या खेपेला डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, की त्या चोरून काही खातात का. परतताना जीपमध्ये मी आईला तेच विचारले. ती रागावली नाही. धाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी विचारायला नको होते.

त्याच आठवड्यात, रविवारी, मी दळण घेऊन गिरणीत निघालो. हे काम दादाचे. तो गेल्यापासून वहिनी करायची. त्या दिवशी तिच्या अंगात कणकण होती. तिने दोन पिशव्या भरून दिल्या. एकीत गहू. दुसरीत ज्वारी आणि काळे उडीद, आणि त्या दाण्यांवर कागदात बांधलेली एक जड पुडी. मी पुडी उघडली. आत खडेमीठ.

"हे कायले?"

"कळण्याचं आहे न, भाऊजी," वहिनी म्हणाली. "दाण्यासोबतच दळतेत."

आमच्याकडे थंडीत भाकरी कळण्याची असते. ज्वारी, सालासकट उडीद आणि मीठ एकत्र दळून आणायचे, की पुढे भाकरी थापताना काही घालावे लागत नाही. ती भाकरी मी जन्मभर खाल्ली आहे. ठेच्यासोबत, वांग्याच्या भरितासोबत, नुसत्या तेलासोबतही. तिची चव खारट असते हे जिभेला माहीत होते, पण पिठात मीठ आहे हे कधी मनात आलेच नव्हते. घरातल्या दोघी बायकांच्या हाताला ते इतके सवयीचे होते की मीठ कशाकशात आहे असे मी विचारले तेव्हा त्यांनी भाजी सांगितली, वरण सांगितले, चटणी सांगितली. दळण सांगितले नाही. दळण म्हणजे दाणा. त्यात मीठ कसले? आणि भाजी फिक्की म्हणून आई आता एकाऐवजी दोन भाकरी खात होती. मी भाजीतून कमी केलेले मीठ पिठातून परत तिच्या ताटात येत होते.

मी पुडी घरीच ठेवली आणि बिनमिठाचे दळण करून आणले. आईला सांगितले, तुझ्यावर उगाच संशय घेतला, मीठ कळण्यात होते. ती चुलीपुढे बसली होती. सुपातले तीळ तिने खाली ठेवले.

"म्हणजे भाकरीतूनबी जात होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मोठ्याच्या पोटातबी."

मी ते ऐकले. पण मला त्या वेळी आनंद झाला होता. इतके दिवस सापडत नव्हते ते सापडले होते. एखादे पुस्तक चुकीच्या कपाटात सापडावे तसे मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. काकीलाही सांगितले, तिच्या यजमानांनाही रक्तदाब होता.

आणि खरोखरच पायांची सूज उतरली. महाशिवरात्रीपर्यंत आई अंगण ओलांडून काकीच्या दारापर्यंत जाऊ लागली. कुरकुर एकदम थांबली. उपासाला साबुदाणा बिनसैंधवाचा कर असे तिने आपणहून सांगितले. माझी मिठाची वाटी संध्याकाळी रिकामी असायची. डॉक्टर बाईंनी शाबासकी दिली, ती मी मनातल्या मनात घेतली.

मग ऊन चढले. वैशाखात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. मी घरातून निघताना दोघींना बजावायचो, पाणी भरपूर प्या. आई प्यायची. माठाजवळच बसलेली असायची. तिची भूक गेली, मळमळू लागले, दुपारी झोपली की संध्याकाळपर्यंत उठेना. उन्हाने असेल, असे आम्ही म्हणालो.

एका दुपारी ग्रंथालयात वहिनीचा फोन आला. लवकर या, एवढेच ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की मी पुढे विचारले नाही. मिळेल त्या गाडीने पोचलो. आई खाटेवर बसली होती, पदर सरकलेला, डोळे उघडे. मला पाहून म्हणाली, मोठा अजून शेतातून आला नाही, त्याची भाकर झाकून ठेवली आहे, त्याला हाक मार. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्याकडे मला बघवले नाही.

जीपने तिला बुलढाण्याला नेले. दवाखान्यात रक्त काढले. सोडियम फार खाली गेले होते. डॉक्टर बाईंनी विचारले, यांचे मीठ किती आहे. मी ठासून सांगितले, तुम्ही सांगितले तेवढे, मी स्वतः मोजून देतो. त्यांचा विश्वास बसेना. सलाईन लागले. ते मुद्दाम हळू ठेवले होते, कारण उतरलेले सोडियम घाईने चढवले तर मेंदूला इजा होते. आई झोपली आणि मी बाहेर बाकावर बसलो. वहिनी येऊन शेजारी बसली.

"भाऊजी, तुमची वाटी आत्याबाई रोज संध्याकाळी मिठाच्या बरणीत परत टाकत होत्या," ती म्हणाली. "तुम्ही कळण्याचं सांगतलं, त्याच दिवसापासून. तुमच्या दादाच्या फोटोपुढं उभं राहून पाणी सोडलं त्यायनं. वर्षश्राद्धापर्यंत मीठ बंद."

"तू सांगतलं काऊन नाही?"

"मले शपथ घातली होती." मग म्हणाली, "अन् मले वाटलं, कमी त कमी, चांगलंच आहे. तुम्ही एवढे खुश होते."

आमच्या भागात बायका चातुर्मासात मीठ सोडतात. त्यात नवल नाही. पण त्या बायकांच्या पोटात पाणी काढणारी गोळी नसते. आईच्या पोटात ती होती. गोळी पाण्यासोबत मीठही बाहेर नेत होती, घामातून आणखी जात होते, वरून ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, आणि मिठाचा कण आत जात नव्हता. डॉक्टर बाईंनी गोळी बदलली, पाण्याचेही माप ठरवून दिले आणि आईला तिच्या तोंडावर सांगितले: मीठ थोडे, पण रोज. यापुढे सोडलेत तर पुढच्या वेळी काय होईल ते मला सांगता येणार नाही. आईने मान हलवली. मी तिला ओळखतो. ती मान होकाराची नव्हती.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला तिने आपल्या भाजीत वाटीतले मीठ घालू नको म्हणून वहिनीला सांगितले. वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी ताट बाजूला सारले आणि आईसमोर जमिनीवर बसलो. आज हे संपवायचे, एवढेच मनात होते. सोडियमवर मी वाचलेले सगळे तोंडाशी आले होते. पेशी, पाणी, मज्जातंतू. ते मी तिला दवाखान्यातही सांगून झाले होते. तिला त्यातले काही नको होते. म्हणून मी विचारले, की मीठ सोडून तू काय मिळवते आहेस.

तिने आपल्या हातांकडे पाहिले.

"बापू, तू शिकेल माणूस आहेस. मले खोटं नको सांगू. माह्या हातचं मीठ कमी असतं, त मोठा वाचला असता का?"

वहिनी परातीशी होती. तिचे भाकरी थापणे थांबले.

नाही म्हणणे सोपे होते. काकी नाही म्हणाली असती, नातेवाईक म्हणाले असते, गल्लीतले कोणीही म्हणाले असते, आणि आईने कोणावरही विश्वास ठेवला नसता. माझ्यावर तिने ठेवला असता, कारण मी पुस्तके वाचतो. मला तेच नको होते. आता खोटे सांगितले तर उद्यापासून माझ्या मापावरही तिने का विश्वास ठेवावा?

"थोडं मिठाचं होतं, आई," मी म्हणालो. "सगळं नाही. तो गोळ्या सोडत होता. बाजारात दिवसभर शेव अन् भजे खात होता. रात्री झोपत नव्हता. अन् आपल्या आबालेबी हाच आजार होता."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मोजता येत नाही."

"तू त सारंच मोजत असतं."

"हे नाही मोजता येत. मलेबी नाही अन् डॉक्टरलेबी नाही. तुले माहीत नव्हतं, मले माहीत नव्हतं. साऱ्या गावाच्या भाकरीत मीठ आहे, आई. आता माहीत झालं, आता आपण घालत नाही."

ती रडली नाही. नुसते "थोडं" म्हणाली, स्वतःशीच, जणू तो शब्द हातात घेऊन त्याचे वजन बघत होती. मग म्हणाली की असो, पण पाणी तर सोडले आहे. मेलेल्या लेकापुढे दिलेला शब्द ती मोडणार नाही. मी इथे अडलो. असा शब्द कसा सोडवायचा ते माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हते.

वहिनी उठली. पिठाचे हात तसेच. दादा गेल्यापासून ती सासूशी कामापुरतेच बोलत आली होती.

"आत्याबाई, पाणी कोणापुढं सोडलं तुम्ही? त्यायच्याच फोटोपुढं न? मंग त्यायच्या वतीनं मी सांगते, तो शब्द सुटला."

"तू कोण वं सोडवणारी?"

"मी त्यायची बायको. अजून कोण पाह्यजे?" तिचा आवाज चढला नाही. "त्यायनं दारातल्या कुत्र्याले उपाशी नाही राहू दिलं. तुम्हाले राहू देतीन? अन् तुम्ही गेल्या, त मी या ओसरीवर कोणासमोर बसू? भाऊजी त पुस्तकातच बसते."

आईने वर पाहिले. दोघींनी एकमेकींकडे असे सरळ पाहिलेले मी दादा गेल्यापासून प्रथमच बघत होतो. बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती, तिला कोणी पाणी दाखवेना. आईने पदराने कपाळ पुसले.

"वाढ मंग," ती म्हणाली.

वहिनीने बिनमिठाच्या ज्वारीची भाकरी ताटात ठेवली, गवारीची भाजी वाढली. मी वाटीतले मीठ चिमटीने भाजीवर पसरले आणि कालवून दिले. आईने घास तोडला, तोंडात घातला, पुष्कळ वेळ चावला.

"कमी आहे," ती म्हणाली.

"एवढंच आहे."

"उद्याबी एवढंच?"

"उद्याबी एवढंच. कमी नाही अन् जास्त नाही."

"अन् मी मरेपर्यंत तू हे मोजत बसशीन?"

"हाव."

तिने माझ्याकडे पाहिले. मी आजवर हाती घेतलेली बरीच कामे अर्ध्यावर टाकली आहेत. ते तिच्याइतके कोणाला माहीत नाही. मी नजर हलवली नाही. वहिनीने दुसरे ताट घेतले आणि आईच्या शेजारी मांडून बसली. आईसाठी काढलेल्या फिक्क्या भाजीतलीच भाजी वाढून घेऊन, वरून मीठ न घेता जेवू लागली.

आईने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, आणि जेवली.